धर्मा नाखवा तिथी चुकला नव्हता

अन्याय झाला तो धर्मा नाखव्यावर. बाळकुमच्या कोळीवाड्यातला धर्मा नाखवा, सगळं आयुष्य खाडीत होडी चालवलेला. कधी झाला तेही सांगते. तीन वर्षांपूर्वी, माघ वद्य पंचमीला, रविवारी, सकाळी साडेदहा वाजता. कुठे? कोळीवाड्याच्या बंदरापासून दोनशे हातांवर, चिखलात रुतलेल्या त्याच्याच होडीत. कोणी केला, याचं उत्तर आमच्या पत्रकांतून आजवर चुकीचं छापलं गेलंय. ती पत्रकं मी लिहिलेली आहेत.

नाखवा, तुला जाऊन नऊ दिवस झाले. उद्या दहावा. काल जनाकाकीकडे गेलेले. तुझ्याबद्दल आमच्या किल्ले भटकणाऱ्या मंडळींच्या अंकात लिहिणार आहे, चालेल का, असं विचारलं. ती सूप बाजूला ठेवून म्हणाली, "लिव. पन आता तरी खरा लिव."

"आता तरी" म्हणाली. म्हणजे तिला माहीत होतं. बायकोला तू सांगितलेलंस, बाकी कुणाला नाही.

मी तुला ‘तू’ म्हणतेय हे वाचून डोंबिवलीतल्या काही घरांत भुवया उंचावतील. माझ्या वडिलांपेक्षा तू मोठा. पहिल्या दिवशी मी ‘तुम्ही’च म्हणाले होते. तू मान वळवून पाठीमागे बघितलंस. "आनखी कोन आलाय काय गो मागं?" माझ्याबरोबर आलेला मोहन फिस्सकन हसला. मग तू समजावलंस, "आमचेत आयला तू, बापाला तू, खाडीला तू. मना तुम्ही म्हनशील तं मी वलखायचा नाय." त्यानंतर मी कधी चुकले नाही. निदान त्या बाबतीत तरी.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. मी कॉलेजात शेवटच्या वर्षाला. आमचा डोंबिवलीचा दहा-बारा जणांचा कंपू, दर रविवारी कुठला ना कुठला किल्ला. पावसाळ्यानंतर कुणीतरी म्हणालं की बाळकुमला एक नाखवा होडीतून खाडी दाखवतो. मोहन आणि मी ठरवायला आलो. तू दारात बसून जाळ्याची गाठ मारत होतास. मोहननं तारीख सांगितली, पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार.

"तारीख नको. तिथी सांग."

दोघंही पदवीच्या उंबऱ्यावर, आणि पुढच्या महिन्यातल्या कुठल्याही दिवसाची तिथी दोघांपैकी एकालाही सांगता येईना. जनाकाकीनं भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून आमच्या मांडीवर टाकलं. "बघा, शिकलेली पोरां."

मग तू ते गणित सांगितलंस. तिथी तिनानं गुणायची, चारानं भागायची. येईल ती मुंबईच्या भरतीची वेळ. त्यात एक तास घालायचा, की पाणी बाळकुमला पोचतं. अमावास्येला नि पुनवेला दुपारी सव्वाबाराच्या सुमारास उधाण. भरतीबरोबर वर जायचं, कल्याणच्या अंगाला. ओहोटीबरोबर खाली, घोडबंदरच्या अंगाला. "मी वल्हवत नाय गो फारसा, पानीच नेतं. मी फक्त भांडन नाय करीत त्याचेशी." मला त्यावेळी हे म्हाताऱ्या माणसाचं उगाच गूढ बोलणं वाटलं. तू फक्त वेळापत्रक सांगत होतास.

त्या वर्षांत आम्ही तुझ्या होडीतून किती वेळा गेलो, आठवत नाही. घोडबंदरकडे जाताना गायमुखच्या पुढे दोन्हीकडचे डोंगर जवळ येतात, झाडी पाण्यापर्यंत उतरते, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचा आवाजसुद्धा लांबचा वाटतो. नागल्याजवळ तू वल्हं वर घ्यायचास आणि होडी आपसूक वळायची. वर कल्याणला गेलो की दुर्गाडीच्या बुरुजाखाली खाडी एवढी रुंद आणि शांत असायची, की आमच्यातला एक जण, ज्याचा जन्म कल्याणातला, तो म्हणाला, "आयला, हे आमच्या गावात आहे?" तू म्हणालास, "तुमचे गावात नाय, तुम्ही हिचे गावात हाव."

पण सगळ्यात जास्त मला आठवते ती खाण. मुंब्र्याच्या डोंगराच्या पायथ्याला, खाडीपासून आत, जुनी सोडून दिलेली दगडखाण. कधीकाळी दगड थेट पडावांत भरता यावा म्हणून खडक फोडून एक चर काढलेला. होडी जेमतेम जाईल एवढाच रुंद. उधाणाच्या दिवशीच त्यात पाणी चढतं, तेही तासभर. तू आम्हाला वाकायला सांगितलंस. दोन्ही बाजूंना काळा दगड सरळ वर गेलेला, सुरुंगाच्या पहारीच्या उभ्या खुणा अजून ताज्या वाटाव्यात अशा. हात लांब केला की दोन्हीकडच्या भिंतींना लागायचा. थंडगार. वर आकाशाची एक पट्टी. कुणी बोललं तर आवाज पुढे जाऊन परत यायचा, म्हणून कुणी बोलेना. आणि मग एकदम भिंती संपल्या आणि आम्ही एका तळ्यात होतो. हिरवंगार पाणी, तिन्ही बाजूंना कडे, एका कड्यावरून पिंपळाची मुळं खाली पाण्यापर्यंत सोडलेली. एक खंड्या आमच्यावर चिडून या कड्यावरून त्या कड्यावर जात राहिला.

आमच्यातल्या कुणीतरी वेफर्सची पुडी फोडली. तू म्हणालास, "खा. पन कागद खिशात." आणि थोड्या वेळानं, वर सूर्याकडे न बघता, नुसतं दगडावरच्या ओल्या रेषेकडे बघून म्हणालास, "चला. आता नाय निंगालो तं उद्याचे उधानापर्यंत हितंच संसार मांडा."

बाहेर आल्यावर मी तुला विचारलं, अशी जागा लोकांना माहीत कशी नाही? यावर आपलं पहिलं भांडण झालं. ते कधी संपलं नाही.

तुझं म्हणणं, माणसाला एकदा पाण्यावर आणायचं. एकदा त्यानं बघितलं की तो त्यात कचरा टाकणार नाही आणि दुसऱ्याला टाकू देणार नाही. माझं म्हणणं, लोक बघतात, वा वा करतात, फोटो काढतात, घरी जाऊन पोहे खातात. बघून काही वाचत नाही. कागद लागतो. अर्ज लागतो, सह्या लागतात, पत्रक लागतं. तू मला ‘कागदवाली’ म्हणायला लागलास ते तेव्हापासून. होडीत बसताना माझ्या खांद्यावरच्या शबनमकडे बोट दाखवायचास. "कागदवाली आली. होडी एक बोट खाली गेली बघा."

मीही सोडत नव्हते. "नाखवा, तुझ्या होडीत बसलेल्यांपैकी किती जण परत आले रे विचारायला, की खाडीचं काय झालं?"

"तू आलीस ना."

"मी एकटी."

"एक पुरं हाय सुरुवातीला." आणि हसायचास, ते मोठ्यानं नाही, नाकातून.

मग नव्वदनंतर भराव सुरू झाला. मी नावं घेत नाही. नावं घेण्याचा हक्क मला आज नाही, ते पुढे कळेलच. कोळीवाड्याच्या बंदराकडे येणारी खाडीची जी फांदी आहे, तिच्या काठावर एका मोठ्या गृहसंकुलाची जागा आखली गेली. आधी दोन ट्रक माती पडली. मग रोज पडायला लागली. पावसात ती माती घसरून फांदीत यायची. एका भरतीला तुझी होडी बंदराला लागताना तळ घासली, आणि तू मला निरोप पाठवलास. तू निरोप पाठवलास! तोवर मीच तुझ्याकडे यायचे.

मी खुश झाले, नाखवा. हे लिहायला लाज वाटते, पण जनाकाकीनं खरं लिहायला सांगितलंय. शेवटी कागदाचीच वेळ आली, असं मला वाटलं.

पुढचं वर्षभर आपण समिती करून काय काय केलं. सायक्लोस्टाइलच्या शाईनं माझी बोटं कायमची निळी. तुझ्या गल्लीतली सात घरं, सात होड्या, सगळ्यांच्या अंगठ्यांचे ठसे, सह्या. बिल्डरच्या वकिलाचं म्हणणं एकच होतं: हे बंदर वापरात नाही, ही नुसती चिखलाची घळ आहे, नकाशावर बंदर दाखवलंय ते जुनं. आपलं म्हणणं एकच: रोज होड्या जातात, येऊन बघा. आणि खूप फेऱ्या मारल्यावर ठाण्याच्या कचेरीतले साहेब येऊन बघायला तयार झाले.

पत्र हातात घेऊन मी धावत तुझ्याकडे आले. शुक्रवार होता.

"नाखवा, रविवारी सकाळी दहाला! साहेब स्वतः येणार. होडीतून फिरवायचं त्यांना. कशेळीच्या पुलापर्यंत नेऊन आण."

तू बोटं मोजलीस. पेरं अंगठ्यानं. "पंचमी."

"असू दे ना."

"पाच त्रिक पंधरा. पावनेचार. आपलेकडं पावनेपाच. मंजे दहाला सुकी. अर्दी खाडी चिखोल असंल गो. पुढचे रविवारी आन त्याला. बारस हाय. दहाला पानी पायरीला लागंल."

एक आठवडा. फक्त एक आठवडा थांबायचं होतं.

मी काय म्हणाले ते शब्दासकट आठवतंय. मी म्हणाले, "साहेबांची बदली व्हायचीय पुढच्या आठवड्यात. आता नाही तर कधीच नाही. आणि रविवार आहे, वर्तमानपत्रवाला पण मोकळा आहे. तू कर ना काहीतरी. एवढी वर्षं होडी चालवतोस, दोन तास पाण्याविना जमत नाही?"

साहेबांची बदली होणार हे मला कुणीतरी चहाच्या टपरीवर सांगितलेलं. ती झाली नाही. ते अजून तिथेच आहेत.

जनाकाकी आतून म्हणाली, "पानी तुमचे घड्यालाचे नोकरीला हाय काय गो?" तू तिला हातानं गप्प केलंस. तेव्हा मला वाटलं, चला, मी जिंकले.

रविवारी मी पोचले तेव्हा तू काय करून ठेवलेलंस ते बघितलं. पहाटेच्या भरतीलाच होडी बंदरातून काढून फांदीच्या मधल्या खोलगटात नेऊन ठेवलेलीस. बंदराच्या पायरीपासून होडीपर्यंत चिखलावर फळ्या अंथरलेल्यास. घराच्या माळ्यावरच्या, जुन्या पलंगाच्या, कुणाच्या तरी दाराची एक. साहेबांचे बूट खराब होऊ नयेत म्हणून. मी मागितलं होतं, ‘तू कर ना काहीतरी’, आणि तू हे केलेलंस.

साहेब दहाला पाच मिनिटं कमी असताना आले. हे वाक्य परत वाचा, कारण याबद्दल पुढे मी खोटं छापलंय.

होडीत आपण पाच जण. तू, मी, मोहन, साहेब, वर्तमानपत्रवाला. तू बांबूनं ढकलत नेलीस. पाणी गुडघाभर. मी साहेबांना सांगत होते, डावीकडे हा भराव, उजवीकडे ही तिवरं. साहेब बघत होते, माणूस लक्ष देऊन बघणारा होता. आणि दोनशे हातांवर, जिथे भरावाची माती घसरून आलेली, तिथे होडी थांबली. तू उतरलास. मांडीपर्यंत चिखल. खांदा लावलास. मोहन उतरला. होडी हलेना. मी घड्याळ बघितलं. साडेदहा. पाणी अजून जातच होतं, आपल्या देखत, होडीच्या कडेनं, फेसाचे बुडबुडे घेऊन.

साहेब शांतपणे म्हणाले, "काय हो, तुमच्या अर्जात तर आहे की इथून रोज होड्या जातात. मग ही कशी अडकली?"

ते माझ्याकडे बघत होते. अर्जाखाली माझी सही होती. माझ्या हातात फाइल होती. फक्त एवढंच म्हणायचं होतं: साहेब, यांनी मला बारशीला या म्हणून सांगितलेलं, मी ऐकलं नाही, आठ दिवसांनी परत या. तोंड उघडलं मी, आणि काहीच आलं नाही. एवढी भाषणं ठोकणारी मी. मला दिसत होती ती समितीची फजिती, वर्तमानपत्रवाल्याची उघडी वही.

आणि चिखलात उभ्या उभ्या तू म्हणालास, "साहेब, माजी चूक. मी तिथी चुकलू."

मोहननं चमकून तुझ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. नाखवा, तुझ्या गल्लीत दारू पिऊन पडलेला माणूससुद्धा तिथी चुकत नाही. तुझ्या बापानं तुला चालायच्या आधी पाणी मोजायला शिकवलेलं. कुणी तुला म्हटलं असतं, तू चोर आहेस, तर तू हसला असतास. तिथी चुकला म्हटलं असतं, तर मारामारी झाली असती. आणि ते तू स्वतःच्या तोंडानं म्हणालास, परक्या माणसासमोर, माझ्यासाठी. आणि मी तुला म्हणू दिलं.

साहेबांनी पंधरा दिवसांनी अहवाल दिला. तो मला पाठ आहे. "स्थळपाहणीच्या वेळी सदर ठिकाणी बोट चालण्याइतके पाणी आढळून आले नाही. नावाड्यानेही भरती-ओहोटीचा अंदाज चुकल्याचे समक्ष मान्य केले. सबब तेथे नियमित जलवाहतूक होत असल्याचे म्हणता येत नाही." साहेब वाईट माणूस नव्हते. जे बघितलं, जे ऐकलं, तेच लिहिलं त्यांनी. खोटं त्या होडीत आपण दोघांनी केलं. तू बोलून, मी गप्प बसून. तुझ्या खोट्याला निदान कारण होतं.

मी काय केलं? पत्रक काढलं. "प्रशासनाच्या बेजबाबदारपणामुळे पाहणी फसली. अधिकारी चाळीस मिनिटे उशिरा आल्याने ओहोटी लागली." ठळक अक्षरात. बाळकुम, कोलशेत, ठाण्याच्या स्टेशनाबाहेर, सगळीकडे वाटलं. एक तुझ्या हातात ठेवलं. तुला वाचता येत नव्हतं. तू म्हणालास, "वाच."

मी वाचायला लागले. ते वाक्य गाळणार होते. गाळता आलं नाही, कारण त्यावाचून पुढच्या वाक्याला काही अर्थच उरत नव्हता. वाचलं. तू गाठ मारता मारता थांबलास.

"साहेब तं येलेवर आलता गो."

"नाखवा, ते तसं लिहावं लागतं. चळवळीत..."

"पाच मिनिटं आदी आलता. मी हात धरून फलीवरून आनला त्याला."

"त्यांनी आपल्या विरुद्ध लिहिलंय. आपण गप्प बसायचं का?"

तू माझ्या हातातला कागद घेतलास, नीट दोनदा घडी घातलीस आणि परत माझ्याच शबनममध्ये ठेवलास. "माजे तोंडची लबाडी येगली. ती माजी मी केली. कागदात कशाला लबाडी? कागद मागं रातो."

मी रागावून निघून आले. रस्ताभर बडबडत होते, यांना राजकारण कळत नाही, हे असेच नागवले जाणार. मोहन माझ्याबरोबर खारेगावच्या नाक्यापर्यंत चालला आणि मग म्हणाला, "अगं, तो बरोबर बोलतोय." त्याच्याशीही मी दोन महिने बोलले नाही.

त्या पावसाळ्यानंतर गृहसंकुलाची भिंत आली. बंदराच्या पायरीपासून सहा हातांवर. सात घरांनी होड्या हलवल्या. कुणी कोलशेतला नेली, कुणी विकली. तू काही दिवस दुसऱ्या गावच्या बंदराला लावलीस, पण तिथं तुझा हक्क नव्हता, कुणी ना कुणी दोर सोडून ठेवायचं. शेवटी चार जणांनी उचलून ती गल्लीत आणली, तुझ्या दारात पालथी घातली. मी आले तेव्हा तिच्यावर जनाकाकीनं बोंबील वाळत घातलेले. तू शेजारी बसून डांबराचा डबा उघडत होतास. "उनात फाटंल," म्हणालास. दर उन्हाळ्यात तू तिला डांबर लावत होतास, जी कधी पाण्यात जाणार नव्हती.

मी त्यानंतर कमी येत गेले. कामं होती, दुसऱ्या लढाया होत्या. खरं सांगायचं तर ती पालथी होडी बघवत नव्हती. तू एकदाही ‘मी सांगितलेलं’ असं म्हणाला नाहीस. मी वाट बघायचे. एकदा शिवी घाल, म्हणजे माझं सुटेल. तू विचारायचास, चा घेशील? कशेळीला पाण्यावर केंदाळ आलाय म्हनतात, खरा काय? तुजे मुंब्र्याचे खानीत आता कोन जातं काय? चर बुजला असंल. मला माफी मागायची होती आणि तुला चहा द्यायचा होता, आणि दरवेळी चहाच झाला.

गेल्या महिन्यात शेवटचं भेटले तेव्हा तू अंथरुणावर होतास, छातीत कफ. खिडकीतून पूर्वी खाडी दिसायची, आता भिंत. आपण बोलत होतो, मध्येच तू थांबलास, मान कलती केलीस आणि म्हणालास, "भरली." मी बाहेर जाऊन भिंतीच्या फटीतून बघितलं. भरली होती. फांदीत नाही, पलीकडे मोठ्या खाडीत, काठोकाठ. भिंतीआडून, न बघता, कॅलेंडराशिवाय, तापात. आणि सरकारी कागदात लिहिलंय की या माणसाला भरतीचा अंदाज येत नाही.

त्या दिवशी सांगायला हवं होतं. न सांगताच आले तशी परत निघाले मी. आता तू ऐकायला नाहीस, म्हणून हे तुला लिहितेय, आणि छापतेय, कारण कागद मागं राहतो.

एक गोष्ट तुझी मान्य करते, नाखवा. बघितल्यावाचून कुणी काही वाचवत नाही. मलाच बघ ना, त्या खाणीच्या तळ्यात तू मला नेलं नसतंस तर मी एक ओळ लिहिली नसती. पण माझीही एक गोष्ट तू मान्य करायला हवीस, आणि केली नाहीस. बघणाऱ्यांनी बोलायला हवं. तुझ्या होडीत एवढे लोक बसले, तू एकाचंही नाव लिहून ठेवलं नाहीस. मी विचारलेलं एकदा, वही का नाही ठेवत? तू म्हणालास, "पावन्यांची कोन हजेरी घेतं?" त्या एका वहीवर आज सगळं अडलंय.

आता वाचणाऱ्यांनो, तुमच्याशी.

येत्या सोमवारी त्या बंदराची शेवटची सुनावणी आहे. बंदर वापरात नव्हतं यावर तिथे शिक्का बसला की नकाशावरून ते पुसलं जाईल, आणि भिंत कायमची होईल. जनाकाकी आणि बाकीची सहा घरं तिथे उभी राहणार आहेत. त्यांच्याविरुद्ध एक अहवाल आहे आणि त्यात एका मेलेल्या माणसाची कबुली आहे. ती कबुली खोटी होती आणि कुणासाठी दिली होती, हे मी साहेबांसमोर सांगणार आहे. उशिराचं पत्रकही खोटं होतं, तेही सांगणार आहे. पण मी एकटीच बोलले तर ती एका कार्यकर्तीची सारवासारव ठरेल, आणि तसं म्हणणाऱ्याला मी दोषही देणार नाही.

हा अंक ज्यांच्या घरी येतो त्यांच्यातले कितीतरी जण त्या होडीत बसलेले आहेत. मला तुमचे चेहरे आठवतायत. गायमुखपाशी तुम्ही गप्प झालात. दुर्गाडीखाली तुम्ही गाणी म्हटलीत. तुमच्या कपाटात फोटो आहेत, मागे पेनानं तारखा आहेत. ते काढा. एका कागदावर लिहा की अमुक दिवशी मी बाळकुमच्या बंदरावर धर्मा नाखव्याच्या होडीत चढलो आणि त्यानं सांगितलेल्या वेळेला परत उतरलो. जेवढं आठवतं तेवढंच लिहा, एक अक्षर वाढवू नका. खाली सही करा.

आणि तो कागद माझ्याकडे पाठवू नका. सोमवारी रजा टाका, सकाळी अकराच्या आत ठाण्याच्या कचेरीत जनाकाकीच्या शेजारी येऊन उभे राहा, आणि तुमचं नाव पुकारलं की तुमच्या तोंडानं सांगा.